जावई असीरगडावर, नात मैदानात

बुऱ्हाणपूरला मी देवासाठी गेले नाही की जिलेबीसाठी. लेकीचा फोन आला म्हणून गेले. सुनंदा माझी धाकटी, तिथं तापीपलीकडं जैनाबादला दिलेली. म्हणाली, "आई, तू ये आणि पूनमला एकदा फेकताना बघ. हे म्हणतात, आई सांगतील ते फायनल."

हे म्हणजे किशोरराव, माझे जावई. केळीची शेती आहे. पूनम त्यांची पोरगी, अकरावीत. बेसबॉल खेळते. त्यात ती पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी. इंदूरच्या एका खेळाच्या होस्टेलवरच्या मॅडम तिचा सामना बघायला येणार होत्या. पसंत पडली तर राहणं, शाळा, सराव सगळं तिकडंच. पूनमला जायचं होतं, सुनंदाला पाठवायचं होतं. जावयांचं म्हणणं, पोरगी एक दिवस वाघीण आणि दुसऱ्या दिवशी गोठ्यातलं वासरू, अशीला घराबाहेर काढून तिची बारावी कशाला नासवायची? नवराबायकोचं जमेना, म्हणून निकाल माझ्यावर टाकला. मला बेसबॉल कळत नाही असं मी कुणाला सांगितलं नाही. विचारतायत तर सांगू.

मुक्ताईनगरहून एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट आहे, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. पुढचं पूर्ण भरावं लागतं, तेव्हा कंडक्टरशी वाद घालू नका, मी घालून बघितलाय. इच्छापूर आलं की मध्य प्रदेश लागला. इच्छादेवी टेकडीवर, माझे गुडघे गाडीत, म्हणून खिडकीतूनच हात जोडले. रस्ता आता रुंद होतोय, त्यामुळं धूळ भरपूर. डाव्या बाजूला बसा, ऊन कमी लागतं आणि केळीचे मळे दिसतात. हद्दीच्या अलीकडं मराठीत चाललेलं भांडण पलीकडं हिंदीत होतं, एवढाच काय तो फरक.

बुऱ्हाणपूर स्टँडवर उतरून रिक्षा केली. रिक्षावाला आधी दुप्पट सांगतो. मी सरळ दुसऱ्या रिक्षाकडं चालायला लागले, तर हा मागून, "अरे माताजी, बैठो ना, नाराज क्यों होते हो." बसले. पुलावरून तापी बघून घ्या, रुंद आणि शांत वाटते. लेकीच्या घरी वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी तयार होती. भरीत बरं होतं. मिरची कमी.

संध्याकाळी पूनमच्या सरावाला मैदानावर गेलो. फक्कीनं चौकोन आखलेला, मधे मातीचा उंचवटा. पूनम त्याच्यावर उभी राहते आणि समोर बसलेल्या कॅचर पोरीच्या हातमोज्यात चेंडू मारते. मधे बॅटवाली. चेंडू नीट पट्ट्यात गेला किंवा बॅट हुकली तर स्ट्राईक, तसे तीन झाले की बॅटवाली बाद. चार वेळा वाकडा गेला तर बॅटवाली काही न करता फुकटात पहिल्या ठिकाणी जाऊन उभी राहते. एवढं मला पूनमनंच जेवताना ताटातल्या कांद्याच्या फोडी मांडून सांगितलं होतं.

पहिल्यांदा तिनं जे फेकलं ते बघून मी पदर सावरून नीट बसले. चेंडू मोज्यात असा वाजायचा की बाजूला बसलेलं कुत्रं उठलं. बॅटवाल्या पोरी हवेत बॅट फिरवून परत जायच्या. जावई तेव्हा गेटापाशी फोनवर होते, कुणी व्यापारी होता. फोन संपला आणि ते कॅचरच्या मागं जाळीला येऊन उभे राहिले.

मग बघा गंमत. पूनमनं हात वर नेला आणि तिचे डोळे मोज्यावरून उठून जाळीकडं गेले. जावयांनी कोपर उचलून दाखवलं. चेंडू बॅटवालीच्या डोक्यावरून. आता जावयांनी तळहात खाली दाबला. चेंडू जमिनीत. "पून्नू, आराम से! खांदा बघ खांदा!" तिनं खांदा बघितला असेल, चेंडू कुठं गेला ते नाही बघितलं. फुकटात चालत जाणाऱ्यांची रांग लागली.

माणूस वाईट नाही हं. रोज पहाटे पोरीला मोटरसायकलवर मैदानावर नेतो, तिचे चेंडू अडवता अडवता त्याचं एक बोट वाकडं झालंय. पण ती त्याच्यासमोर फेकत नाही, त्याला विचारून फेकते.

घरी आल्यावर भांडी घासताना सुनंदाला हे बोलले. ती म्हणाली, "मग सांग ना त्यांना. मी सांगितलं तर म्हणतात, तुला काय समजतं."

"मी सासू. जावयाला तोंडावर सांगू तुमचंच चुकतंय म्हणून?"

"तुला कधीपासून लाज वाटायला लागली?"

"लाज नाही गं. मी बोलले की ते मान खाली घालून हो म्हणतील आणि उद्या परत जाळीला उभे. त्यांना तिथून उचलायला पाहिजे."

आमच्याकडं सासू जावयाला चूक दाखवत नाही, हे खरं. पण सासूनं देवदर्शनाला नेता का म्हटलं तर जावईही नाही म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी मॅडम येणार होत्या. सकाळी चहा घेताना मी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि म्हटलं, "जावईबापू, असीरगडच्या महादेवाला जायचं मनात आहे. आज सोमवार आहे."

त्यांचा कप तसाच राहिला. "आई, आज? आज तर पूनमची मॅच आहे."

"देव काय मॅच बघून दर्शन देतो का?"

"उद्या सकाळी सकाळी नेतो ना. पक्का."

"उद्या मंगळवार."

सुनंदा पाठ फिरवून पोळी लाटत होती, तिचे खांदे हलत होते. पूनम बूट बांधता बांधता थांबली. "आजी, तू मला बघायला आलीस ना? मग मॅच कोण बघणार?"

"तुझी आई बघेल. काल बघितलं मी पुरेसं."

पोरीचं तोंड उतरलं. उतरू दे म्हटलं.

असीरगड शहरापासून जवळच, इंदूरच्या वाटेवर. पण ट्रकांच्या मागं लागलात तर तासभर धरा. आधी मावा जिलेबी बांधून घेतली. काळीसर, जड, एक खाल्ली की दुपारचं जेवण पुढं ढकलता येतं. पाणी पायथ्याच्या गावातच घ्या, वर दुकान नाही. गाडी बरीच वर जाते, त्यानंतर पायऱ्या आहेत आणि त्या माझ्यासारख्यांसाठी बांधलेल्या नाहीत. वर गेल्यावर मात्र तट, दरवाजे, पाण्याची टाकी, सगळं एवढं मोठं की बांधणाऱ्यांना दुसरं काम नसावं. महादेवाच्या देवळात पुजाऱ्यानं सांगितलं की अश्वत्थामा पहाटे येऊन फूल वाहून जातो. फूल होतं. कुणी वाहिलं ते मी विचारलं नाही.

जावयांचं लक्ष फोनवर. वर रेंज नव्हती. तटाच्या एका कोपऱ्यात उभं राहिल्यावर सुनंदाचा फोन लागला. तिचा आवाज मलाही ऐकू आला. पहिल्याच डावात पूनमनं ओळीनं तिघींना फुकट सोडलं होतं आणि समोरच्यांच्या दोन धावा झाल्या होत्या. मॅडम खुर्चीत बसून बघत होत्या.

"बघा आई!" किशोरराव माझ्याकडं वळले. "मी असतो तर सांभाळलं असतं. चला, निघू. अजून टाइम आहे."

खरं सांगते, माझा अंदाज चुकला असता तर पोरीचं इंदूर माझ्या हातानं गेलं असतं. पण उतरून गेलो असतो तर ते सरळ जाळीला गेले असते. मी तटाच्या दगडावर बसले.

"गुडघा धरलाय. जरा बसू द्या."

"खूप दुखतंय का?"

"खूप."

दुखत होताच, त्यात खोटं नाही. मी जिलेबीचा पुडा सोडला. ते खाईनात. खाली रस्त्यावर ट्रक मुंगीसारखे चालले होते. थोड्या वेळानं ते आपणहून बोलले, "आई, ती घाबरते ना, म्हणून मी उभा राहतो. माझ्याकडं बघितलं की तिला बरं वाटतं."

मी पदरानं वारा घेत राहिले.

उतरून पायथ्याशी चहा घेतला तोवर सामना संपला होता. फोन आला. आमच्या पोरी एका धावेनं हरल्या. पण पहिल्या डावानंतर पूनमनं समोरच्यांना एकही धाव दिली नव्हती. सुनंदा म्हणाली, सुरुवातीला ती सारखी जाळीकडं बघत होती. तिथं कुणी नाही हे नीट कळल्यावर तिनं बघणं सोडलं. मॅडम म्हणाल्या होत्या, "लड़की में दम है. भरोसा अभी नहीं है, वो हम बनाएँगे. घरवाले भेजेंगे क्या?"

जावयांनी फोन खिशात टाकला. चहावाल्याच्या बाकावर आम्ही दोघंच. त्यांनी मला सरळ विचारलं, "तुम्ही सांगा, आई. तुम्ही म्हणाल तसं."

मी पदर नीट केला. "पाठवा. आणि भेटायला जाल तेव्हा मैदानावर जाऊ नका. जेवणाच्या वेळेला जा."

त्यांनी चहाचा ग्लास बाकावर ठेवला. त्यांना कळलं, मला का महादेव आठवला ते. मला वाटलं चिडतील. त्यांनी पुडा उघडून उरलेली जिलेबी तोंडात टाकली आणि म्हणाले, "गुडघा खरंच दुखत होता का?"

"अजून दुखतोय."

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. कुणी विचारलं तर सांगते, बुऱ्हाणपूर थंडीत करा. असीरगडला सकाळी लवकर जा, परतताना जैनाबादकडून तापी बघा. कुणाला खेळताना बघायला जाणार असाल तर थोडं लांब बसा. माझा अंदाज पुरता खरा ठरला असंही नाही. पूनम इंदूरला गेली आणि परवा तिचा फोन आला, आवाज भरलेला.

"आजी, आज परत तसंच झालं. सगळे बॉल इकडेतिकडे. आणि इथं तर पप्पापण नाहीयेत."

म्हणजे मी तिच्या पप्पांना गडावर का नेलं ते पोरीलाही तेव्हाच समजलं होतं, आणि बोलली नव्हती.

"मग आता चुकलं की कुणाचं नाव सांगशील?" मी विचारलं.

तिकडं मागं पोरींचा गलका ऐकू येत होता, कुणीतरी तिला हाक मारत होतं.

"कुणाचंच नाही," ती म्हणाली.

"बरं. जेवलीस का?"

"नाही. अजून थोडे बॉल फेकते, मग जेवते."

"फेक," म्हटलं, आणि फोन मीच ठेवला.