पूर्णेच्या अलीकडचे तीन दिवस

वहिनी गेल्याची बातमी मला अकरा दिवसांनी कळली. वाशीमच्या शाळेत मुलांची हजेरी घेत होतो. एक अनोळखी गाडीवान वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला आणि मुंडाशाच्या घडीतून त्याने एक चिठ्ठी काढून दिली. चिठ्ठी करीमभाईंची होती. करीमभाई आमच्या कुरुंद्याचे हळदीचे व्यापारी, माझ्या थोरल्या भावाचे, म्हणजे दादाचे, लहानपणापासूनचे दोस्त. चार हातांतून फिरत आल्यामुळे कागद घड्यांवर फाटला होता. 'रुखमाभाभी मंगळवारी सकाळी गुजरल्या. ताप होता. तुमची याद करीत होत्या. रस्ता बंद आहे, जिवावर उदार होऊन येऊ नका.' एवढंच लिहिलं होतं. मी चिठ्ठी खिशात घातली आणि हजेरीतली पुढची नावं घेतली. काय करणार होतो दुसरं... गाडीवान पाणी पिऊन निघून गेला.

वाशीमहून कुरुंदा बैलगाडीने फार तर दोन-तीन दिवसांची वाट. पण यंदाच्या पावसाळ्यात पैनगंगेच्या नाक्यावरून अलीकडचा माणूस पलीकडे जात नव्हता आणि पलीकडचा अलीकडे येत नव्हता. निजामाच्या हद्दीत रझाकारांचं काय चाललं होतं ते वाचकांना मी वेगळं सांगायला नको. तरीही मी एकदा नाक्यापर्यंत जाऊन आलो. शिपायाने हातानेच मागे फिर म्हणून खूण केली. मी तासभर काठावर उभा राहिलो. पलीकडे कुणाची तरी ज्वारी छातीएवढी वाढलेली दिसत होती. वहिनीपायी नदीच्या काठावर असं ताटकळत उभं राहण्याची माझी ही दुसरी वेळ. पहिली वेळ चौदा वर्षांपूर्वी आली होती, तिच्याबद्दल मी आजवर कुणाजवळ अवाक्षर काढलेलं नाही. आता ती ऐकून घेणारीच राहिली नाही, म्हणून लिहितो आहे. हा शहाणपणा मला उशिरा सुचतो, आमच्या घरात सगळ्यांना हे माहीत आहे.

वहिनी आमच्या घरात आली तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि मी दहा. शेंबूड पुसायची अक्कल नसलेल्या मला ती पहिल्या दिवसापासून 'भाऊजी' म्हणायची, 'अहोजाहो' करायची, आणि मी छाती फुगवून फिरायचो. तिचं माहेर पूर्णेच्या पात्रात होतं. पात्रात म्हणजे अक्षरशः पात्रात. जवळा बाजारच्या पुढे नदी फाटते आणि मध्ये तीन बेटं राहतात. त्यांतल्या थोरल्या बेटावर पंधरा-वीस घरं, भोवती केळी, वांगी, उन्हाळ्यात टरबुजाच्या वाड्या. पावसाळ्यात महिना महिना तिकडची खबर येत नसे. आम्ही तिला 'बेटावरची राणी' म्हणून चिडवायचो. ती चिडायची नाही. म्हणायची, तुमच्या गावाला वेस हाये, आमच्या गावाला चारी बाजूंनी नदी हाये, कोणतं गाव मोठं ते तुमीच सांगा.

तिची पहिली दोन्ही बाळंतपणं रीतीप्रमाणे माहेरी झाली आणि दोन्ही लेकरं महिन्याच्या आत गेली. तिसऱ्या वेळी आमच्या आईने तिला पाठवलंच नाही. बाळंतपण कुरुंद्यात झालं आणि ही पोर, कौसा, जगली. जगली म्हणून सगळ्यांना आनंद झाला, पण त्या आनंदाने बेटावरच्या म्हातारीच्या गळ्यात एक दोष घातला. वहिनीच्या आईने मनात घेतलं की आपल्या पाण्यानेच ती दोन लेकरं गेली. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगायची. मग त्या भादव्यात निरोप आला की म्हातारीने अंथरूण धरलंय, एकदा जिवंत नात मांडीवर घ्यायची एवढंच म्हणून राहिलीय. नात नऊ महिन्यांची होती. आमची आई विरघळली. करीमभाईंनी आपली तट्ट्याच्या छपराची दमणी दिली, बैलही त्यांचेच. गाडीत आई, वहिनी आणि लेकरू, पुढे दादा, आणि मागे दांडीवर पाय सोडून मी. मॅट्रिकला एकदा बसून नापास झालेला, एकवीस वर्षांचा, घरातला सर्वांत रिकामा माणूस.

तो प्रवास मात्र आठवावा असाच होता. वसमत मागे टाकलं आणि हट्ट्याच्या वाटेला लागलो तर दोन्ही बाजूंनी नुसतं हिरवं. ज्वारी पोटरीत आलेली, कापसाला पिवळी फुलं, मुगाच्या शेंगा तोडायला आलेल्या, बांधावर तरवड फुललेला. उघडीप पडली होती. ऊन लख्ख, आणि चाकोरीत साचलेल्या पाण्यातून चाक गेलं की पिवळी फुलपाखरं उठायची. हट्ट्याला एका ओळखीच्या घरी मुक्काम केला. वहिनी सगळा वेळ छपराबाहेर डोकं काढून बसलेली. तीन वर्षांत ती या वाटेने आलेली नव्हती. कुठला ओढा कुठे आडवा येतो, कुठल्या चिंचेखाली सावली आहे, ते ती लेकराला सांगत होती, आणि आई तिला पदर नीट घे म्हणत होती. मी वहिनीला एवढं बोलताना त्यापूर्वी पाहिलं नव्हतं. नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत आम्ही पूर्णेवर पोचलो. पाणी गुडघाभर. बेट समोर, इतकं जवळ की वाळत घातलेलं लुगडं कुठल्या रंगाचं ते दिसावं. वहिनीचा भाऊ किसन पाण्यातून चालतच अलीकडे आला. म्हणाला, चला, लेकरू मी खांद्यावर घेतो. आणि तिथे आमचं घोडं अडलं. कौसाचं जावळ अजून काढलेलं नव्हतं, आणि जावळ काढायच्या आधी लेकराला वाहतं पाणी ओलांडू देत नाहीत. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि निघायच्या घाईत एकाच्याही ध्यानात राहिलं नव्हतं. किसन म्हणाला, एवढ्याशा पाण्याला काय धरता. दादा आईकडे बघायला लागला. आई वहिनीकडे. शेवटी वहिनीच बोलली. 'दोन गेली माझी. हिच्या बाबतीत मी काहीच मोडणार न्हाई. न्हावी बोलवा, आज संध्याकाळच्या आत जाऊ.' किसनने सुचवलं की तू तरी एकटी येऊन भेटून जा. त्यावर ती म्हणाली, 'रिकामी मांडी घेऊन आईम्होरं कशी बसू?' मला ते वेडेपण वाटलं. तसं बोलायला हवं होतं, बोललो नाही. न्हावी आणायचं काम माझ्याकडे आलं, कारण दुसरं काही काम माझ्याकडे कधी नसेच.

जवळा बाजार तिथून दीड-दोन कोस. त्या दिवशी आठवड्याचा बाजार भरलेला. धोंडीबा नावाचा न्हावी गाठायला मला वेळ लागला नाही. त्याने दोन गिऱ्हाइकं उरकली, धोकटी आवळली आणि म्हणाला, चला. दिवस चांगला कासराभर वर होता... मी त्याला म्हणालो, थोडं बसा, आलोच. एका कापडवाल्याने गिऱ्हाईक जमावं म्हणून दुकानापुढे फोनो लावला होता. तो भोंगा, ती फिरणारी काळी तबकडी आणि तिच्यातून येणारा बाईमाणसाचा आवाज, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो. एक तबकडी संपली की दुसरी. मी गर्दीत पुढे सरकत सरकत भोंग्याच्या अगदी तोंडाशी जाऊन उभा राहिलो. भानावर आलो तेव्हा कापडवाला दुकान आवरत होता आणि धोंडीबा माझ्यामागे धोकटी घेऊन उभा होता. दिवस मावळल्यावर लेकराच्या डोक्याला वस्तरा लावत नाहीत. तो म्हणाला, आता उद्या सकाळी येतो. मी काठावर परत आलो आणि वहिनीला सांगितलं, 'बाजार हाये, न्हावी मोकळा न्हाई. उद्याच येतो म्हणला.' ती म्हणाली, बरं. पाणी तेव्हाही गुडघाभरच होतं.

सकाळी नदी चढली होती. आमच्याकडे थेंब नव्हता, आभाळ निळंशार, आणि पाणी मात्र गढूळ, फेसाळ, झाडांच्या फांद्या घेऊन चाललेलं. वर कुठेतरी डोंगरात पाऊस झाला असणार. धोंडीबा शब्दाप्रमाणे आला, काठावरच्या महादेवाच्या पडवीत त्याने कौसाचं जावळ काढलं, वहिनीने लेकरू मांडीवर धरलं होतं. मी तिथे थांबलो नाही, बैलांना चारा घालायच्या निमित्ताने लांब गेलो. त्यानंतर तीन दिवस आम्ही त्या काठावर बसलो. भोई गूळ शिजवायची मोठी काहील घेऊन आला. ते लोक काहिलीत बसूनच पूर आलेली नदी ओलांडतात. पाण्याकडे बघून तो म्हणाला की लेकरू घेऊन मी हात लावणार नाही, आणि तिसऱ्या दिवशी तर एकट्या माणसालाही न्यायला तो तयार होईना. दादाने त्याला काय काय देऊ केलं. तो नुसता मान हलवत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी म्हातारीला बाजेवर घालून बेटाच्या टोकाशी आणलं. किसन काहीतरी ओरडत होता, पाण्याच्या आवाजात एक शब्द ऐकू येत नव्हता. वहिनी पाण्यात घोट्यापर्यंत उतरली आणि तिने लेकरू दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरलं. धरूनच राहिली. हात भरून आले तशी दादाने मागून जाऊन तिचे कोपर धरले. बाजेवरून एक हात वर झाला, पण तो कौसाला पाहून झाला की किसनने सांगितलं म्हणून झाला, हे आम्हाला कधीच कळलं नाही. म्हातारीच्या डोळ्यांना आधीपासूनच कमी दिसत होतं. मी काठावर उभा होतो आणि मला कुठेतरी निघून जावंसं वाटत होतं. चौथ्या दिवशी कौसाला ताप भरला, आईने निघायचं म्हटलं, आणि दादाने बैल जुंपले. वहिनी लेकरू घेऊन गाडीत चढली. परतीच्या वाटेवर तेच सगळं हिरवं होतं, तीच फुलपाखरं. ती छपराच्या आत बसून होती. आठ दिवसांनी बाजारच्या माणसांबरोबर सांगावा आला की म्हातारी गेली, आणि आम्ही निघालो त्याच्या तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं होतं. वहिनी पुन्हा कधी बेटावर गेली नाही.

माझ्याशी तिचं वागणं बदललं नाही. मॅट्रिकचा दुसरा अर्ज भरायला तिनेच दादाच्या मागे लकडा लावला, आणि मास्तर झालो तेव्हा गावभर पेढे तिनेच वाटले. पण नदीचं नाव निघालं की ती उठून जायची. मी ओसरीवर आलो आणि तिचं आईशी चाललेलं बोलणं तोडून ती पदर खोचत आत गेली, असं किती वेळा झालं असेल. मी त्याचा एकच अर्थ लावला होता, की तिला माझा संशय आहे आणि रागही. वाशीमला नोकरी लागली त्या वर्षी निघताना मी धीर करून म्हणालो, 'वहिनी, त्या भादव्याचं तुमाला एक सांगायचं हाये.' ती म्हणाली, 'भाऊजी, गाडी जुपलीय. निघा तुमी.' झालं. मी निघालो. पाच वर्षं सुटीत येत गेलो आणि तिच्या हातचं जेवत गेलो. ते वाक्य पुन्हा माझ्या तोंडून निघालं नाही. कौसाला नदीपल्याडची दोन चांगली स्थळं आली, वहिनीने दोन्ही मोडली. मी समजवायला गेलो तर एवढंच म्हणाली की नदी मधी असलेलं घर मला नको. मला वाटलं, हे मलाच सुनावलं.

निजामाचं राज्य गेलं, वाट मोकळी झाली, आणि मी कुरुंद्याला पोचलो. करीमभाई घर बंद करून लेकराबाळांना घेऊन परभणीकडे नातलगांकडे गेले होते, त्यांचे आभार मानायचेही राहून गेले. दादाने मला पाहिलं आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेला, त्याला असलं जमत नाही. कौसा मागच्या दाराच्या पायरीवर केस मोकळे सोडून बसली होती. चौदा वर्षांची झाली आहे, हुबेहूब वहिनी. तिने तेलाची वाटी बाजूला सरकवून मला बसायला जागा दिली. मग म्हणाली, 'काका, औंदा गोष्ट ऱ्हायली.' कोणती गोष्ट ते मला समजेना. तिने सांगितलं, दर भादव्यात आई तिला या पायरीवर बसवायची, डोक्याला तेल लावत लावत बेटाची सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायची. हट्ट्याची वाट, फुलपाखरं, बाजेवरची आजी, सगळं. मी घरात असलो की मात्र सांगायची नाही. पाऊल वाजलं की गप्प व्हायची.

'काहून?' मी विचारलं.

'न्हाव्यानं जावळ काढताना आईला सांगितलं व्हतं, मी तर कालच येत व्हतो म्हणून. फोनोचं बी सांगितलं.' कौसा खाली बघत बोलत होती. 'आई म्हणायची, काकाला कधी इचारू नको. तवा पोरगंच व्हतं ते. त्याला काय ठावं नदी चढंल म्हणून. आपल्यापायी त्याला उगा तकलीफ.'

चौदा वर्षं. त्याच सकाळपासून तिला माहीत होतं. लेकरू उंच धरून ती पाण्यात उभी होती तेव्हाही. मला त्या पायरीवरून उठता येईना आणि बसवेना. कौसाने वाटीत बोटं बुडवली, आपल्याच हाताने तेल लावायला लागली आणि म्हणाली, आता तुमीच सांगा. मी सुरुवात केली. करीमभाईंची दमणी, तट्ट्याचं छप्पर, मागे दांडीवर मी. ज्वारी पोटरीत आलेली. गुडघाभर पाणी. मग बाजारापाशी आलो आणि तिथेच अडलो...

'सांगा,' ती म्हणाली. 'मला ठावं हाये.'