धाकट्या भाऊजींचे कंडिटॉर

आमच्या धाकट्या भाऊजींइतके धक्के देणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नाही, आणि हे मी भूकंप धरून बोलतेय. भूकंप एकदा येऊन गेला, भाऊजी दर सुट्टीत लातूरहून एसटीनं आमच्याकडं नांदेडला यायचे. शिकवायचे जीवशास्त्र. झाडाझुडपांची लॅटिन नावं घोकता घोकता त्यांना लॅटिनचंच वेड लागलं. त्यातही कशाचं, तर एखादी गोष्ट सुरू करणाऱ्याला काय म्हणायचं, याचं. सुरू करणारा तो ‘कंडिटॉर’, पाया घालणारा ‘फुंडाटॉर’, ती बाई असली तर ‘फुंडाट्रिक्स’, आणि हातानं घडवणारा ‘आर्टिफेक्स’. एकदा भर पंगतीत सासूबाईंना म्हणाले, "आई, या अंबाडीच्या भाजीच्या आर्टिफेक्स तुम्हीच ना?" सासूबाईंची पळी हवेतच थांबली. "का रे मेल्या, काय निघालं भाजीत?"

पुढं लातुरात क्लासचं पेव फुटलं. पाटीवर भारदस्त लॅटिन शब्द पाहिजे म्हणून लोक भाऊजींकडं यायचे. भाऊजी चहा पाजायचे आणि विचारायचे, "खरं सुरू कुणी केलं?" एक जण छाती फुगवून म्हणाला, "मीच की सर!" भाऊजींनी चार दिवस चौकशी केली आणि पाटीवर कंडिटॉर म्हणून त्याच्या मेहुण्याचं नाव रंगवून पाठवलं. गणितं मेहुणा सोडवायचा, हा नुसता फळा पुसायचा! त्या घरात काय झालं असेल, मला विचारू नका. मी म्हटलं, "भाऊजी, लोकांची नाती मोडून राहिलात तुम्ही." तर म्हणतात कसे, "वहिनी, नाव खोटं तर पाया खोटा."

त्यांचा स्वतःचा क्लास मात्र बिनपाटीचा. भूकंपानंतर औशाकडच्या पत्र्याच्या वसाहतीत सुरू झालेला, मग लातुरात एका डाळमिलच्या माळ्यावर भरायचा. मिलवाल्यानं माळा रिकामा करा म्हटलं, तेव्हा पोरं घेऊन जायचं कुठं? एक पुढारी जागा द्यायला तयार झाला. अट एकच, पाटीवर संस्थापक म्हणून त्याच्या वडलांचं नाव. "पाटी मी रंगवतो," एवढंच भाऊजी बोलले. तेवढ्यावरूनच आम्ही ओळखायला पाहिजे होतं.

उद्‌घाटनाला आम्ही सगळे गेलो. पडदा सरकला आणि मी हबकलेच. पाटीवर ठळक अक्षरात, ‘फुंडाट्रिक्स: सुंदराबाई’!

"कोण ही बाई?" पुढारी कडाडला.

शेवटच्या रांगेत पदर सावरत बसलेल्या एका बाईकडं भाऊजींनी हात केला. "भूकंपानंतर पोरं भिंतीच्या घरात बसायला भ्यायची. ह्यांनी आपलं शेड रिकामं करून दिलं, स्वतः बाहेर निजल्या. पहिला धडा मी तिथं शिकवला."

पुढाऱ्यानं जागेचे कागद खिशात कोंबले, गाडीत बसला, गेला. आमच्या ह्यांनी कपाळाला हात लावला. मी मनात म्हटलं, अहो भाऊजी, एक दिवस खोटं बोलला असतात तर काय बिघडलं असतं!

तेवढ्यात सुंदराबाई उठून पुढं आल्या. "गुर्जी, काय लिवलंय?" भाऊजींनी वाचून दाखवलं. बाईंनी पाटीवरच्या नावावर हात ठेवला.

"माझं नाव नगा लिवू. शेडात जागा कुठनं आली? माझी दोन लेकरं वाचली असती, तर तुमची पोरं कुठं बसवली असती मी? जागा त्येंचीच व्हती."

भाऊजींनी पाटी उतरवली, उलटी केली, ब्रश मागवला आणि खाली बसून अगदी हळू विचारलं, "नावं सांगा, बाई."

भाऊजी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. क्लास भाड्याच्या दोन खोल्यांत चालू आहे. दारावर पाटी आहे, ‘संस्थापक: राधा आणि किसन’. नवी पोरं कधी कधी विचारतात, हे सर आणि मॅडम कुठला विषय शिकवायचे? राधा सात वर्षांची होती. किसन चार.