खडूचे गोल, पेन्सिलीचे ठिपके

चिंतामणी बोरीकरचा दिवस पहाटे सव्वाचारला सुरू व्हायचा. फॅक्टरीत असताना तसा आणि निवृत्तीनंतरही तसाच. चौतीस वर्षं त्याने लष्करी ट्रकच्या सांगाड्यांना वेल्डिंग केलं. मी त्याच शेडमध्ये फिटर होतो. इथे लिहितो ते पाहिलेलं आहे.

त्या दिवशी सव्वाचारला उठून त्याने पिशवी भरली. हातोडी, टॉर्च, पिवळा खडू, पेन्सिल, पांढऱ्या खडूची पूड आणि बाटलीत रॉकेल. आठ वाजता तो जबलपुरात मदन महालला माझ्या दारात उभा.

"शालिग्राम, चल. गाडी घ्यायला जायचं."

पिशवी पाहून मी विचारलं, "घ्यायला की चोर पकडायला?"

"ते तिकडे गेल्यावर समजेल."

गाडी म्हणजे जीपच्या मागे ओढत न्यायची घरगाडी. दोन चाकं, आत पलंग, छोटा ओटा आणि खुर्चीसारखं बसायचा संडास. सगळं त्या संडासासाठी होतं. त्याची बायको, विनतावहिनी, पाच वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडल्या. खुब्यात लोखंड बसलं. तेव्हापासून त्यांना उकिडवं बसता येत नाही. नंतर नागपूरला भाचीच्या लग्नात कार्यालयातले संडास पाहून त्या दीड दिवस पाणी प्यायल्या नाहीत आणि अक्षता पडता पडता चक्कर येऊन पडल्या. त्यानंतर एक रात्रही घराबाहेर राहिल्या नाहीत. बैतूलला त्यांचा थोरला भाऊ अंथरुणाला खिळलेला. तो फोनवर विचारायचा, कधी येतेस? त्या म्हणायच्या, बघू.

चिंतामणीने बघितलं. फंडातून काढलेले पैसे त्याने या गाडीत घातले. गाडी बिघडली तर दुसरी येणार नव्हती.

बायपासवर विक्रेत्याचं आवार. विकणारा आलोक तिशीचा, घरी मराठी, तोंडात हिंदी. त्याने आधी कागद पुढे केला.

"अंकल, पहले इथे साइन करा, फिर आरामसे पाहा."

चिंतामणीने चष्मा लावून कागद वाचला. माल तपासला, चांगल्या स्थितीत मिळाला, असं लिहिलं होतं.

"तपासला कोणी?"

"कंपनीने."

"मग कंपनीचीच सही घे."

आलोक हसला. चिंतामणी हसला नाही. गाडी चकचकीत होती, आणि चकाकी पाहिली की त्याला संशय येतो. रंगाखाली काय आहे ते रंगवणाऱ्यालाच माहीत असतं. त्याने पाण्याचा पाइप मागितला. आमच्या फॅक्टरीत ट्रकची केबिन पाण्याच्या फवाऱ्याखाली उभी करत आणि एक माणूस आत टॉर्च घेऊन बसे. तसा मी आत बसलो आणि त्याने टपावर पाणी सोडलं. चाळीस मिनिटांनी खिडकीच्या कोपऱ्यातून थेंब आला. मग पलंगावर दुसरा. मग धार.

"इतकी बारिश नाही होत अंकल!" आलोक बाहेरून ओरडला.

"जबलपुरात राहतोस ना?" चिंतामणीने विचारलं.

मग तो चटई टाकून गाडीखाली गेला. वायर पत्र्याच्या धारेवर घासत होती. संडासाच्या नळीचा जोड नुसता टेपने गुंडाळलेला. ओढायच्या दांड्यावर हातोडी मारली तर एका जागी आवाज बद्द आला. नखाने खरवडलं. रंगाखाली भेगा बुजवायची लांबी भरलेली आणि लांबीखाली अर्धवट वेल्डिंग. संडासाची कडी लावली तर ती हातात आली. प्रत्येक दोषाभोवती पिवळा गोल. एकूण तेवीस.

"पूरी गाडी पीली करून टाकली," आलोक म्हणाला. "नई गाडीत थोडं तो राहतंच."

"काहून राहतं? पैसे थोडे कमी घेतले काय?"

सही न करता आम्ही परतलो. वाटेत त्याने सांगितलं, "प्रत्येक गोलाजवळ पेन्सिलीचा ठिपका दिलाय. आतल्या बाजूला. कोणाला सांगू नको."

वीस दिवसांनी आलोकचा फोन आला, सगळं झालं. आम्ही गेलो. एकही गोल दिसत नव्हता. चिंतामणी पेन्सिलीचे ठिपके शोधत फिरला. अकरा ठिकाणी फक्त खडू पुसला होता. संडासाच्या नळीवर टेप तीच, फक्त नवी गुंडाळलेली. कडी बसवली होती, पण त्याच ढिल्या भोकांत.

त्याने अकरा ठिपके आलोकला एकेक करून दाखवले. आवाज चढवला नाही. आलोकचे कान लाल झाले. "मेकॅनिकने मला फोटो पाठवले होते," तो हळू म्हणाला. "तुमची शप्पथ, मी स्वतः नाही पाहिलं."

"ते दिसून राहिलं."

दांडा मात्र पुन्हा वेल्ड केला होता. चिंतामणीने त्यावर रॉकेल लावलं, मुरू दिलं, पुसलं आणि खडूची पूड फासली. जोडात चीर असली तर आत गेलेलं रॉकेल परत बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उठते. अर्धा तास वाट पाहिली. रेघ नाही. त्याला ते आवडलं नाही असं मला वाटलं. त्याने पुन्हा लावून पाहिलं.

तिसऱ्या खेपेला विनतावहिनी सोबत आल्या. पाणी सोडलं, आत थेंब नाही. ठिपके सगळे तपासले. वहिनी काठी टेकत आत गेल्या, संडासाचं दार लावलं, कडी सरकवली. दारावर आतून दोन थापा मारल्या. कडी हलली नाही.

चिंतामणीने खिशातून पेन काढलं. सहीआधी गाडी जोडून पाहायला आपली जीप मागे आणली. जीपच्या मागचा हुक, ज्यावर ही सगळी गाडी ओढली जाणार, तो त्याने घरी स्वतः बनवला होता.

वहिनींनी विचारलं, "हा हुक कोणी केला?"

"मी."

"आणि पास कोणी केला?"

"मीच. दुसरं कोण करणार?"

"अहो, मग चौतीस वर्षं जेवताना काहून सांगत होते, आपला जोड आपण पास करायचा नाही म्हणून? माझी भाकरी थंड व्हायची तुमच्या त्या नियमात."

ते खरं होतं. आमच्या शेडमध्ये वेल्डर आपल्या जोडाशेजारी आपला नंबर ठोके आणि पास करणारा दुसराच असे. चिंतामणीने बाटली आणि पूड माझ्या हातात दिली आणि तो पाठ फिरवून उभा राहिला. हाही नियमच. करणाऱ्याने तपासताना बघायचं नाही.

मी रॉकेल लावलं, थांबलो, पुसलं, पूड फासली. दहा मिनिटांत डाव्या कोपऱ्यात रेघ उठली. बोटभर लांब. आलोक माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होता. त्याने जमिनीवरचा पिवळा खडू उचलला.

"अंकल, गोल मारू?"

मला वाटलं, आता हा भडकणार. चिंतामणीने वळून रेघ पाहिली. चष्मा काढला, पुसला, परत पाहिली.

"मार," तो म्हणाला. "आणि तुझी वेल्डिंगची मशीन काढ."

त्याने तो जोड घासून काढला आणि तिथेच पुन्हा मारला. हात आता थरथरतो, हे मला त्या दिवशी कळलं. पहिल्यांदा मी नापास केला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि जोड परत घासला. उन्हात सदरा पाठीला चिकटला. वहिनींनी पाण्याची बाटली दिली. दुसऱ्यांदा डावा हात उजव्या मनगटाखाली टेकवून मारला. मी रॉकेल लावून पाऊण तास बसलो. पूड पांढरीच राहिली. मग मी पास म्हटलं. त्याने कागदावर सही केली आणि खाली तारखेसोबत वेळही लिहिली.

बैतूलच्या आधी बरगी धरणावर एक रात्र राहून पाहायचं ठरलं. मीही गेलो, कारण वाटेत हुक बघायला त्याला दुसरा माणूस हवा होता. तीनदा थांबलो. तीनदा मी खाली वाकलो.

सकाळी धरणाच्या पाण्याकडे तोंड करून आम्ही बसलो होतो. वहिनी दोन पेले पाणी प्यायल्या, मग चहा, मग त्यांनी आणखी अर्धा कप मागितला. घराबाहेर त्यांना मागून पिताना मी पाच वर्षांत पाहिलं नव्हतं. थोड्या वेळाने त्या उठल्या, आत गेल्या. कडीचा आवाज आला.

चिंतामणी कान देऊन ऐकत होता.

चौतीस वर्षांच्या मजुरीतून शेवटी हे आलं. तीन फूट बाय अडीच फुटांची कोरडी जागा, बसायला खुर्चीएवढी उंची आणि आतून नीट लागणारी कडी.