बराबर हाय, साहेब

१९४४ च्या उन्हाळ्यात आमची सफरमैना कंपनी ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर होती. रस्त्यात पेरलेले सुरुंग काढून पलटणीला वाट मोकळी करून द्यायची, हे आमचे काम. मी नाईक होतो, गाव कुरुंदा. माझ्या सेक्शनमध्ये आमच्याच भागातला, हट्ट्याचा सॅपर शेख युसूफ होता. गावाच्या नावाला जागणारा, पक्का हट्टी.

घरी त्याने चहा कधी तोंडाला लावला नव्हता. ती सवय मी लावली. दिवसा सुरुंग काढायचे, रात्री पुलाचे काम; झोपेला वेळ कुठला? पेंगणाऱ्याच्या हातात मी काळ्या चहाचा मग द्यायचो आणि स्वतःला मोठा हुशार नाईक समजायचो. थोड्याच दिवसांत युसूफ पाण्यापेक्षा चहा जास्त पिऊ लागला. मग आडवे व्हायला वेळ मिळाला तरी त्याला झोप येईना. सांगितलेले विसरायचा. चहाचा मग धरला की हात थरथरायचे. पोरे हसायची, मीही हसायचो.

त्या सकाळी तो माझ्याकडे आला.

"नाईक, आज मला मागं ठेवा. डोळे उघडे हायेत, पण चित्त जाग्यावर न्हाई."

"काहून? झोपला न्हाईस?"

"झोपच येऊन न्हाई राहिली."

एक माणूस कमी म्हणजे काम संध्याकाळपर्यंत लांबणार. "चहा घे," मी म्हणालो.

निघताना आमचे अधिकारी जमादार साहेब यांनी विचारले, "नाईक, जवान ठीक?"

"सगळं बराबर हाय, साहेब."

साफ केलेल्या वाटेच्या दोन्ही कडांना आम्ही पांढरी फीत लावायचो. पाय फितीच्या आतच ठेवायचा, हे नव्या जवानांना युसूफच शिकवायचा. त्या दिवशी त्याने एक सुरुंग नीट काढला, उठला आणि फितीबाहेर पाऊल टाकले. मी ओरडलो तोवर उशीर झाला होता.

पुढे रजेवर आलो तेव्हा हट्ट्याला गेलो. त्याच्या वडिलांनी बाज टाकली.

"लोकं म्हणून राहिलेत, पोरगं झोपंत चुकलं. व्हय का?"

"न्हाई, चाचा. जागा होता."

चाचा बराच वेळ मान हलवत राहिले. मग शेजाऱ्याला हाक मारून म्हणाले, "ऐकलं का? जागा होता माझा युसूफ." पुढचे सांगायला माझी जीभ रेटेना. तेव्हा मेल्याहून मेल्यासारखे झाले. आजही होते.

"फौजी माणूस आलाय, चहा टाका," त्यांनी आत सांगितले. घरात चहा नव्हता. दुकानातून पुडी आणून चाचीने केला. मी पिताना दोघेही समोर बसून पाहत होते.

"बराबर झालाय का?" चाचांनी विचारले.

"बराबर," मी म्हणालो आणि कप रिकामा केला.

सॅपर शेख युसूफ, राहणार हट्टा. त्याने विश्रांती मागितली होती. मी चहा दिला.