आत्या तोडी गायली ती दुपार

भुताखेतांचं सोडाच, मी राशिभविष्यसुद्धा वाचत नाही. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण घडलं ते घडलं.

मी चित्रकार, राहात्याला राहते. जुन्या दख्खनी रागमालेच्या पद्धतीनं काम करते – म्हणजे एकेका रागाला माणसाचं रूप देऊन काढलेली चित्रं. मागे मुंबईचे एक गॅलरीवाले माझं काम पाहून म्हणाले, "हात सुरेख आहे. पण ही जुन्यांची नक्कल झाली. यात तुम्ही कुठे आहात?"

फार लागलं ते. हट्टानं नवं चित्र करायला घेतलं. रंग, सोनेरी किनार जुन्या पद्धतीची. बायका मात्र आमच्या पुणतांब्याच्या. साडीवर नवऱ्याचा शर्ट चढवून, डोक्याला स्कार्फ गुंडाळून कांदा निवडणाऱ्या. अर्धं झालं आणि अडलं. वाटायला लागलं, फाडून टाकावं.

त्याच सुमारास पुणतांब्याहून आत्या आली, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यातही मोतीबिंदू पिकलेला. समोरच्या माणसाला ती आवाजावरून ओळखायची. एकटीला करमेना म्हणून दुपारी माझ्या कामाच्या खोलीत येऊन बसायची. आत्या प्रेमळ, पण गाण्याच्या बाबतीत... ती आरतीला उभी राहिली की टाळवाले जोर वाढवतात!

एका दुपारी ती गुणगुणायला लागली. शेजारी गाण्याचा क्लास घेणाऱ्या वैशालीताई धावतच आल्या.

"अगं, तोडी कोण गातंय? इतकी सुरेल?"

मी वळून पाहिलं. आत्यासमोरच्या भिंतीवर तोडीचंच चित्र होतं – वीणा घेतलेली बाई आणि भोवती हरणं.

योगायोग, म्हटलं. आत्याला न सांगता ते उतरवलं आणि झोपाळ्याचं, हिंडोल रागाचं चित्र लावलं. थोड्या वेळानं तिचे सूर बदलले. वैशालीताईंनी माझा हात गच्च धरला. "हिंडोल!"

"आत्या, हे कुठं शिकलीस?"

"काय की बाई, तोंडात आलं. लई मोठ्यानं म्हनले का?"

मग मी ते अर्धवट चित्र आणून ठेवलं. त्याला कुठलाच राग नव्हता. आत्यानं नुसती जांभई दिली. संपलं, मनात म्हटलं, यात काहीच नाही... आणि तिनं सूर लावला. संथ, मध्येच हसल्यासारखी एक मुरकी. वैशालीताई डोळे मिटून ऐकत राहिल्या.

"कोणता राग?" मी कुजबुजले.

"मला माहीत असलेला नाही," त्या म्हणाल्या. "पण एकही सूर चुकत नाहीये."

पुढे चित्र भराभर पुरं झालं. तेच गॅलरीवाले त्याच्यासमोर उभे राहिले ते चहा गार झाला तरी हलले नाहीत. त्यांच्याकडच्या माझ्या प्रदर्शनात आता तेच मधोमध आहे.

आत्याची पट्टी निघाली, लख्ख दिसायला लागलं, आणि गाणं थांबलं ते थांबलंच. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "ताई, मी डोळे बघतो, गळा नाही!" तिला दिसत नव्हतं, रागांची नावंही ठाऊक नव्हती... मग तिला कळलं कसं? मला आजही सांगता येत नाही.

वैशालीताईंनी मात्र ते सूर मोबाईलमध्ये टिपले होते. आता क्लासमध्ये शिकवतात. नाव ठेवलंय 'आत्याचा राग'.

आत्याला हे कळलं तेव्हा ती गाल फुगवून बसली.

"मला कुठं राग येतो गं? मी समद्यांशी गोडच बोलते की!"