आश्वासन न देणारा उमेदवार

"ते आपल्या हातात नाही हो," असं म्हणून दोन्ही तळवे समोरच्यापुढे उघडे करायचे, ही दादांची सवय. शेजाऱ्याने असं म्हटलं तर चालतं. पण निवडणुकीला उभ्या राहिलेल्या माणसाने म्हणावं? तुम्हीच सांगा, असा उमेदवार पाहिलाय कुठे?

ऑकलंडच्या माउंट रॉस्किल भागात दादा आमच्या शेजारी राहायचे आणि पेनरोजच्या एका कारखान्यात इंजिनियर होते. २०१६ साली ते इथल्या लोकल बोर्डाला उभे राहिले. सगळ्या ऑकलंडचा कारभार मेयर आणि कौन्सिलकडे; बागा, वाचनालयं असल्या आपल्या भागातल्या गोष्टी तेवढ्या बोर्डाकडे. निवडून यायची त्यांना मनापासून हौस होती. पुण्यात कॉलेजच्या निवडणुकीतही पडले होते, असं वहिनी हसत सांगायच्या.

पत्रकं वाटायला मी बरोबर असायचो. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याने विचारलं, "घरपट्टीचे रेट्स कमी करणार?"

"नाही. ते कौन्सिल ठरवतं."

"बस वाढवणार?"

"तेही बोर्डाकडे नाही."

मी कोपराने ढोसलं. बाहेर आल्यावर म्हणालो, "दादा, नुसतं 'बघतो' म्हणायला काय जातं?"

"अरे, मग उद्या त्याच्याकडे दूध आणायला कुठल्या तोंडाने जाऊ?"



बागेसमोर एक सामोअन आजी राहायची. नातवंडं खेळतात तिथे बसायला काही नाही, उभं राहून पाय दुखतात, म्हणाली. दादा एकदम खुलले. "हे बोर्डाचंच काम!" रस्ताभर मला तेच सांगत राहिले.

दादा पडले. चांगलेच पडले. काही दिवस त्यांच्या घराचे पडदेही उघडले नाहीत. मला फार वाईट वाटलं. मग एका शनिवारी पाहतो तर निवडून आलेल्या एका बाईंना घेऊन स्वारी आजीच्या दारात उभी. "या आपल्या नव्या मेंबर. बाक कुठे हवा, ते यांना दाखवा." बाईंसाठी फाटकही यांनीच उघडून धरलं होतं. इतका लोभस पराभूत माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुढच्या वर्षी बाक आला. त्याच्या पुढच्या वर्षी दादा हृदयविकाराने गेले.

२०१९ च्या निवडणुकीत आजी मला त्याच बाकावर भेटली. मांडीवर पोस्टाने आलेली आणि पोस्टानेच परत पाठवायची मतपत्रिका, बोट एकेका नावावरून फिरत होतं.

"तुझ्या मित्राचं नाव सापडत नाही रे," ती म्हणाली. "गेल्या वेळी मतपत्रिका मी टपालात टाकलीच नव्हती. या वेळी त्यालाच द्यायचं म्हणून केव्हाची शोधतेय."