प्लाझ्माची खरखर

जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या आमच्या शेडमध्ये प्लाझ्मा कटिंगचं मशीन माझ्याकडे आलं, ते एका खोट्यावर. दहावी पास आहे, असं सांगितलं होतं. खरं तर शाळा आठवीनंतरच सुटलेली. कुणी कागद मागितला की मी काहीतरी सबब सांगायचो.

मशीनजवळच्या फळीवर वडिलांचा रेडिओ असायचा. दिवसभर नुसती खरखर. पण दिवेलागणीला, शिफ्ट सुटता सुटता, त्यावर गावाकडचं मराठी स्टेशन लागायचं. बाजारभाव सांगणारी बाई "नमस्कार मंडळी" म्हणाली की मी मनातल्या मनात "नमस्कार ताई" म्हणायचो.

एक दिवस मशीन तपासायला इंजिनिअर आली. इथल्याच वैशाली नगरात राहणारी, पण आपल्याकडची, मराठी. माझ्या हिंदीवरूनच मीही मराठी असल्याचं तिनं ओळखलं. कटिंग टॉर्चच्या टोकातला, झिजणारा इलेक्ट्रोड कधी बदलला याची नोंदवही उघडली तर कोरी.

"दादा, इलेक्ट्रोड किती तासांनी बदलता?"

"लागेल तेव्हा."

"पण काढलेले सगळे अगदी वेळेवर काढलेत. कळतं कसं?"

सुपरवायझर मध्येच म्हणाला, "मॅडमजी, ये तो दिन भर रेडियो सुनता है!"

गेली नोकरी, असं वाटलं. मी रेडिओ लावला, कटिंग टॉर्चचं बटण दाबलं. ठिणगी पडताच रेडिओत सलग 'टर्र' वाजलं. मग झिजलेला इलेक्ट्रोड बसवून पुन्हा दाबलं. आता ते अडखळत, तुटत आलं.

"असं तुटायला लागलं की बदलतो."

तिनं झिजलेला इलेक्ट्रोड हातात घेऊन पाहिला. म्हणाली, "घन, द्रव, वायू, आणि चौथी अवस्था ही ठिणगी. वायूचे कण फुटून वीजभार मोकळा झाला की प्लाझ्मा. आभाळात सूर्य तेच करतो. दिवसा तिथल्या प्लाझ्माचा खालचा थर रेडिओच्या लहरी गिळतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, आणि वरचा थर लहरी खाली वळवतो. तुमचं स्टेशन संध्याकाळीच लागत असेल ना?"

मी मान हलवली.

"शिकलात किती?"

"आठवी," तोंडातून निघून गेलं.

सुपरवायझरनं ऐकलं. "आठवीं? बाकी दो क्लास रेडियो से पास की क्या?"

"शायद," ती म्हणाली. "सुनना इन्हें आता है. लिखना मैं सिखा देती हूँ."

तिनं वहीत रकाने आखून दिले. सुपरवायझर पुटपुटत गेला. मशीन माझ्याकडेच राहिलं, आणि फळीवरचा रेडिओही.

आता नवं मशीन इलेक्ट्रोडचे तास स्वतःच मोजतं, आणि स्टेशन लागलं तर लागतं. पण ती वही मी जपलीय. पहिल्या पानावर माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात आहे: "आवाज तुटला. इलेक्ट्रोड बदलला." त्याखाली, कुठल्याच रकान्यात न बसणारं, त्याच संध्याकाळचं: "स्टेशन लागलं."